रेघ कोठें ओढावी ?

दादांच्या गळ्याच्या दुखण्याविषयीं या पानावर लिहावें कीं न लिहावें, याचा विचार मी जवळजवळ वर्षभर करीत होतों. घरचीं दुखणीं चारचौघांत सांगूं नयेत, असा आमच्याकडील जुना शिरस्ता आहे. परंतु गेल्या महिन्यांत दादाच मला म्हणाले, “तूं त्या मासिकांत लोणच्याच्या बुरशीवर लिहितोस, चष्म्याच्या भिंगांवर लिहितोस, मग माझ्या मानेंत डॉक्टरांनीं रेघा कशा ओढल्या, तें कां नाहीं लिहीत? कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.” वडील भावाची आज्ञाच झाली म्हटल्यावर संकोच कसला ? तेव्हां या खेपेस थोडी घरची हकीकत आणि थोडें शास्त्र वाचकांपुढें ठेवीत आहें.

दादा भूमापन खात्यांत छत्तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झाले. जेवणानंतर तंबाखूचें पान, हें त्यांचें एकच व्यसन. दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत त्यांचा डावा कान ठणकूं लागला, गिळतांना घास अडूं लागला, आणि जबड्याखालीं मानेंत लिंबाएवढी गांठ हातास लागूं लागली. तपासणी झाली. जिभेच्या मुळाशीं कर्करोग असून तो मानेच्या गांठींत उतरला आहे, असें निघालें.

पुढें जें आम्हीं केलें तें पुष्कळ घरांतून होतें. दादांना “गांठ आहे, औषधानें विरघळेल” एवढेंच सांगितलें. पहिल्या स्कॅनची तबकडी व अहवाल यांचा लिफाफा त्यांच्या हातीं पडूं नये म्हणून वहिनींनीं देवघराच्या खणांत, जुन्या पंचांगांखालीं ठेवून दिला. जवळच्या शहरांत औषधांचे तीन डोस झाले. गांठ अशी कांहीं आक्रसली, कीं चांचपूनहि सांपडेना. घरांत सत्यनारायण झाला. त्यानंतर किरणोपचारासाठीं आम्ही त्यांना एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नेलें. तेथें त्यांच्या चेहऱ्याचा व मानेचा मुखवटा बनविला, तो चढवून पुन्हां स्कॅन केला, आणि “आतां घरीं जा, सुरुवात केव्हां तें कळवूं” असें सांगून आमची बोळवण केली.

चार दिवस गेले, आठ गेले, नऊ झाले, निरोप नाहीं. ओसरीवर रोज संध्याकाळीं हाच विषय. पुतण्या संतापून म्हणे, “चित्र काढून झालें, यंत्र तेथें उभें आहे, मग अडलें कोठें ?” आमच्या आक्कांचें म्हणणें, “एवढीं कसलीं मोजमापें चालविलीं आहेत ? सारा गळा एकदां शेकून काढा म्हणावें, म्हणजे कोठें कांहीं उरायला नको !” आणि वहिनी हळूच म्हणत, “गांठ तर गेली. आतां ते किरण हवेतच कशाला ?” एकीला सगळाच गळा शेकायला हवा होता, दुसरीला मुळींच नको होता. ह्या दोन बोलण्यांच्या मधोमध जी रेघ आहे, तीच ओढण्यांत डॉक्टरांचे ते दिवस जात होते, हें आम्हांस मागाहून समजलें.

दहाव्या दिवशीं पुतण्या भांडावयाच्या तयारीनें निघाला. त्याला आवरावयास मी बरोबर गेलों. डॉक्टरीणबाई वयानें लहान, पण मोठ्या शांत. आमचें सारें ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “काका, दोन मिनिटें आंत या. मी काय करतें आहें तें पहा, आणि मग रागवा.” आंत अर्धवट अंधाराची खोली होती. पडद्यावर दादांच्या मानेचा आडवा छेद दिसत होता. काकडीची चकती काढावी तसा. अशा चकत्या त्यांच्या डोक्यापासून छातीपर्यंत शंभराहून अधिक, प्रत्येक सुमारें तीन मिलिमीटर जाडीची. बाई एकेक चकती पुढें घेत आणि हातांतल्या लेखणीनें तिच्यावर रंगीत रेघा ओढीत. तांबडी रेघ रोगाची, बाकीच्या रंगांच्या शेजारच्या इंद्रियांच्या. एक चकती झाली कीं दुसरी. सगळ्या चकत्यांवरील रेघा संगणक एकमेकींवर रचतो आणि त्यांतून रोगाचा सगळा आकार, लांबीरुंदीउंचीसह, उभा राहतो.

हें सारें कशासाठीं ? कारण किरणांना डोळे नसतात. रोगट पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हें त्यांना कळत नाहीं. माणूस जेथें नेईल तेथें ते जातात. निरोगी पेशी दोन मात्रांच्या मधल्या वेळांत स्वतःची डागडुजी रोगट पेशींपेक्षां चांगली करतात, म्हणून सगळी मात्रा एकदम न देतां रोज थोडी थोडी देतात. पण हा फरक कांहीं अमर्याद नाहीं. म्हणून किरण कोठें जावेत आणि कोठें जाऊं नयेत, हें आधीं कोणी तरी आंखून द्यावें लागतें.

पूर्वीं हें आंखणें फार ढोबळ असे. १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटजेन यांना क्ष-किरण सांपडले, आणि पुढल्याच वर्षापासून ते रोगावर वापरून पाहण्यास सुरुवात झाली. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. त्या काळीं आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें जगभर रीत अशी होती, कीं हाताला गांठ लागते तेथें चांचपावयाचें, हाडांचा फोटो पहावयाचा, आणि त्या अंदाजानें कातडीवर शाईनें चौकोन आंखून त्यांतून किरण सोडावयाचे. हाडाच्या फोटोंत मऊ मांस वेगळें दिसत नाहीं. म्हणून चौकोन मोठा ठेवावा लागे आणि त्यांत पुष्कळ निरपराध भागहि भाजून निघे. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील विंबल्डन येथें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें गेलें. हाच आपला सी. टी. स्कॅन. त्याबद्दल त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. शरीर न कापतां त्याच्या चकत्या पाहतां येऊं लागल्या, आणि कातडीवरील शाईची रेघ शरीराच्या आंत उतरली.

आतां बाईंनीं दाखविलेल्या तीन हद्दी सांगतों. कारण ह्यांतच आक्का आणि वहिनी दोघींचेंहि उत्तर आहे.

पहिली हद्द दिसणाऱ्या रोगाची. चित्रांत जेवढी गांठ डोळ्यांना दिसते, तेवढ्याभोंवतीं ही रेघ. हेंहि वाटतें तितकें सोपें नाहीं. सी. टी. च्या चित्रांत सर्व मांस कमीअधिक करड्याच रंगाचें. गांठ कोठें संपली आणि जिभेचा स्नायू कोठें सुरू झाला, हें ओळखण्यास शिरेंतून रंगद्रव्य देतात, एम. आर. आय. चें चित्र त्यावर बसवून पाहतात, आणि जरूर तर ज्या पेशी साखर अधिक खातात त्या उजळून दाखविणारें पेट स्कॅनचें चित्रहि जोडीला घेतात. शिवाय डॉक्टरांनीं स्वतः तोंडांत पाहून आणि बोट घालून जें जाणलेलें असतें, तेंहि विसरून चालत नाहीं; वरवर पसरलेला रोग कित्येकदां चित्रांत दिसतच नाहीं.

दुसरी हद्द न दिसणाऱ्या रोगाची. गांठीच्या कडेपलीकडे सुटे सुटे रोगकण पसरलेले असतात, आणि मानेच्या कोणत्या गांठींत ते उतरण्याचा संभव आहे, हें हजारों रुग्णांच्या अनुभवावरून ठाऊक असतें. हे कण कोणत्याच यंत्रांत दिसत नाहींत. येथें चित्रापेक्षां अभ्यास पाहतो. मात्र ही रेघहि सरसकट फुगवावयाची नसते : जेथें हाड किंवा हवेची पोकळी आड येते, तेथें ती आंत घ्यावयाची, जेथें स्नायूच्या वाटेनें रोग सरकूं शकतो, तेथें बाहेर.

तिसरी हद्द आपल्या चुकांसाठीं राखलेली. रुग्ण रोज मेजावर निजतो, पण रोज अगदीं केंसभरहि न चुकतां कसा निजेल ? जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा कढत पाण्यांत मऊ करून चेहऱ्यावर बसवितात, तो थंड होऊन कडक होतो आणि मेजाला अडकवितां येतो. तरीसुद्धां दोनचार मिलिमीटरांचा फरक राहतोच. त्यासाठीं सभोंवतीं तीन ते पांच मिलिमीटर जागा सोडतात. रुग्णाच्या कागदांत जी. टी. व्ही., सी. टी. व्ही. आणि पी. टी. व्ही. अशीं जीं अक्षरें दिसतात, तीं याच तीन हद्दींचीं नांवें. १९९३ सालीं किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें आपल्या ५० व्या अहवालांत त्यांच्या व्याख्या बांधून दिल्या.

मीं विचारलें, “मग चार मिलिमीटरांऐवजीं सरळ एक सेंटिमीटर सोडलें, तर निर्धास्त नाहीं का ?” बाई हंसून म्हणाल्या, “काका, लाडवाचा हिशेब करून पहा.” तो मीं घरीं येऊन केला. तीन सेंटिमीटर व्यासाचा लाडू घ्या. त्याला सगळीकडून फक्त अर्धा सेंटिमीटर थर द्या. व्यास चार सेंटिमीटर झाला. डोळ्यांना फरक थोडाच. पण पीठ जवळजवळ २·४ पट लागलें ! पहिला लाडू सुमारें १४ घनसेंटिमीटरांचा, दुसरा सुमारें ३३ चा. म्हणजे मधले १९ घनसेंटिमीटर मांस विनाकारण भाजलें गेलें. आणि गळ्यासारख्या दाटीच्या जागीं त्या एवढ्याशा मांसांत गिळण्याचे स्नायू, लाळेच्या ग्रंथी, स्वरयंत्र, सारेंच येऊन बसतें. रेघ जास्त आंत घेतली, तर कोपऱ्यांत राहिलेला रोग पुन्हां डोकें वर काढतो. रेघ जास्त बाहेर नेली, तर रोग जाऊनहि माणसाला घास गिळतां येत नाहीं.

म्हणून शेजारच्या इंद्रियांभोंवतींहि तितक्याच काळजीनें रेघा ओढतात. दादांना एकंदर ७० ग्रे मात्रा, ३५ बैठकींत, द्यावयाची होती. त्यांच्या मानेंतील मज्जारज्जूला ४५ ते ५० ग्रेच्या पलीकडे जाऊं द्यावयाचें नाहीं. त्याला इजा झाली, तर हातपाय लुळे पडूं शकतात. कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेहून कमी ठेवतां आली, तर लाळ पुन्हां सुटूं लागते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ज्याच्या तोंडांत लाळ नाहीं त्याला भाकरी म्हणजे वाळू आणि रात्र म्हणजे तहान. ब्रिटनमध्यें झालेली व २०११ सालीं प्रसिद्ध झालेली एक तुलना आहे : जुन्या पद्धतीनें किरण दिलेल्यांपैकीं वर्षानंतर शंभरांत ७४ जणांना तोंड कोरडें पडण्याचा बराच त्रास होता, ग्रंथी वांचवून किरण दिलेल्यांत तोच आंकडा ३८ वर आला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांची अशीच तुलना करून २०२१ सालीं प्रसिद्ध केली. तींत, आंतडीं वांचवून किरण देणाऱ्या व रोज चित्र पाहून जागा तपासणाऱ्या पद्धतीनें, आंतड्यांचा मागाहून होणारा त्रास तीन वर्षांत शंभरांत ४२ वरून २१ वर उतरला. अशा पद्धतींना वांचवावयाचें काय, हें रेघेनेंच सांगावें लागतें.

येथें वाचक विचारतील, कीं एवढें शास्त्र आहे, तर दोन डॉक्टरांची रेघ एकसारखी येते का ? नेहमींच येत नाहीं. एकच चित्र दोन जाणत्या डॉक्टरांपुढें ठेवलें, तर रेघांत फरक पडतो. म्हणून नियमावल्या झाल्या आहेत, आणि चांगल्या ठिकाणीं एकानें ओढलेली रेघ दुसऱ्यानें तपासण्याची रीत आहे. ह्या तपासणीचें मोल किती, तें एका आंतरराष्ट्रीय चाचणीनें दाखविलें. मानेच्या व गळ्याच्या वाढलेल्या कर्करोगाच्या शेंकडों रुग्णांच्या किरणयोजना तज्ज्ञांनीं मागाहून तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. शंभरांत सुमारें १२ योजनांत रेघेचे किंवा मात्रेचे असे मोठे दोष होते, कीं रोग आटोक्यांत येण्यास त्यांनीं बाधा यावी. असे दोष असलेल्या रुग्णांपैकीं दोन वर्षांनीं शंभरांत ५० हयात होते. योजना नीट असलेल्यांपैकीं ७०. ज्या ठिकाणीं असे रुग्ण क्वचित् येत, तेथें दोषांचें प्रमाण अधिक होतें. आतां संगणकच मज्जारज्जू, ग्रंथी, जबडा यांच्या रेघा कांहीं मिनिटांत ओढून देतो, आणि त्यानें डॉक्टरांचे तास वांचतात. पण त्या रेघाहि माणसानें एकेक पाहून दुरुस्त कराव्या लागतात, आणि रोगाची रेघ तर जबाबदार डॉक्टरांनाच ठरवावी लागते.

हें सारें ऐकून पुतण्याचा राग निवला होता. तेवढ्यांत बाईंनीं मानेच्या डाव्या बाजूची एक चकती पडद्यावर आणली. तेथें तांबडी रेघ नव्हती. त्या म्हणाल्या, “माझें घोडें येथें अडलें आहे. मोठी गांठ येथें होती ना ? औषधांनीं ती आतां दिसत नाहीं. पण दिसत नाहीं म्हणजे निर्मूळ झाली असें नव्हे. पूर ओसरला, तरी पाणी कोठवर चढलें होतें त्या खुणेपर्यंत भिंत धुवावी लागते. मला औषधांपूर्वींचीं चित्रें हवीं आहेत. पहिल्या दिवशीं मीं तुम्हांला विचारलें, तेव्हां तुम्ही सगळे एकमेकांकडे पाहूं लागलां आणि ‘सांपडत नाहीं’ म्हणालां. मीं पहिल्या रुग्णालयाकडे दोनदां लिहिलें. त्यांच्याकडून दोन ओळींचें पत्र आलें, चित्रें आलीं नाहींत. आणखी दोन दिवस पाहून मला अंदाजानें रेघ ओढावी लागेल, आणि तें मला करावयाचें नाहीं.”

आम्ही दोघेहि खालीं मान घालून बसलों. त्या दिवशीं दादा समोर होते, म्हणून आम्हीं लिफाफ्याचें नांव काढलें नव्हतें. मागाहून येऊन सांगूं असें प्रत्येकानें मनांत म्हटलें, आणि कोणीच सांगितलें नाहीं. ज्या विलंबासाठीं आम्ही भांडावयास आलों होतों, तो आमच्याच देवघराच्या खणांत होता.

पुतण्यानें तेथूनच घरीं फोन लावला. वहिनी चांचरूं लागल्या. दादा त्याच खोलींत पलंगावर पडलेले. तेव्हां मागून दादांचा आवाज आम्हां दोघांना स्पष्ट ऐकूं आला : “अहो, पंचांगांखालीं आहे तो लिफाफा. द्या त्याला. मीं दोन महिन्यांपूर्वींच वाचला आहे.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग दादांनीं फोन आपल्या हातांत घेतला आणि मला म्हणाले, “बाळ, जुना नकाशा घरीं ठेवून मी मोजणीला गेलों असतों, तर सरकारनें मला दुसऱ्या दिवशीं घरीं बसविलें असतें. तुम्हीं डॉक्टरांना तसेंच पाठविलेंत कीं रे !”

लिफाफा दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोहोंचला. जुन्या चित्रांत ती गांठ मानेच्या स्नायूला चिकटलेली आणि आम्हांस वाटत होतें त्याहून दोन बोटें खालपर्यंत उतरलेली होती. बाईंनीं त्या स्नायूचा भाग रेघेच्या आंत घेतला व खालची हद्द पुढें नेली. दुसऱ्या एका वडील डॉक्टरांनीं सर्व चकत्या तपासल्या. मग पदार्थविज्ञानाच्या जाणकारांनीं किरण कोणकोणत्या दिशांनीं यावेत याची योजना केली, ती यंत्रावर पडताळून पाहिली, आणि चौथ्या दिवशीं उपचार सुरू झाले. जुनीं चित्रें आलीं नसतीं, तर ती खालची दोन बोटें जागा अपुऱ्या मात्रेवर राहिली असती, असें बाईंनीं आम्हांस मागाहून सांगितलें.

सात आठवडे सोपे गेले नाहींत. तिसऱ्या आठवड्यापासून दादांचें तोंड आलें, चव गेली, पेज आणि मुगाचें कढण यांवर दिवस काढले. आतां उपचार संपून दीड वर्ष होत आलें. परवांच्या तपासणींत रोग दिसला नाहीं. दर तीन महिन्यांनीं तपासणी मात्र चालूच आहे. डावी लाळग्रंथी रोगाच्या फार जवळ असल्यानें वांचवितां आली नाहीं, उजवी वांचली. त्यामुळें पाण्याचा तांब्या जवळ ठेवून ते वरणभात, मऊ पोळी, आणि सणाला श्रीखंड आमच्याबरोबर पंक्तींत बसून जेवतात. पान मात्र गेलें, तें कायमचें.

ज्या घरांत असा प्रसंग असेल, त्यांच्यासाठीं चार शब्द. आजवरचा प्रत्येक स्कॅन, प्रत्येक तबकडी, प्रत्येक अहवाल, आणि विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वींचीं व औषधांपूर्वींचीं चित्रें, पहिल्या भेटींतच किरणोपचाराच्या डॉक्टरांपुढें ठेवावींत. बधिरपणा, कानदुखी, जुनी गांठ, पूर्वीं त्या जागीं किरण दिलेले असल्यास तें, यांतलें कांहींहि क्षुल्लक समजून गाळूं नये. गळ्याच्या रोगांत मुखवटा बनण्यापूर्वीं दांत तपासून घ्यावेत, आणि नंतर वजन उतरूं देऊं नये. चेहरा सुकला कीं मुखवटा सैल पडतो आणि रेघा जागेवरून सरकतात. स्कॅनपासून उपचारापर्यंत आठपंधरा दिवस लागणें हें आळसाचें लक्षण नव्हे. पण त्याहून फार लांबूं लागलें, तर गप्पहि बसूं नये. कशासाठीं थांबलें आहे, रेघा दुसऱ्या कोणी तपासल्या का, आणि आमच्याकडून कांहीं राहिलें आहे का, हीं तीन गोष्टी नम्रपणें विचाराव्यात. शेवटला प्रश्न आम्हीं विचारला असता, तर आमचे नऊ दिवस वांचले असते.

आणि रोग्यापासून रोग लपविण्याविषयीं काय सांगूं ? आम्हीं दादांना जपण्यासाठीं जें झांकलें, तें त्यांच्यापासून झांकलें गेलेंच नाहीं. तें फक्त डॉक्टरांपासून झांकलें गेलें. वहिनींनीं तो खण आतां रिकामा केला आहे. दादांचे सगळे कागद दिवाणखान्यांतील कपाटांत, तारीखवार लावलेले, वरच्याच फळीवर असतात. आणि ते दादांनीं स्वतः लावले आहेत.